सॉक्रेटिसाची लोकप्रियता

इ. स. पूर्वी ३९९ साली अथेन्सच्या न्यायसभेपुढे ७० वर्षांचा एक वृद्ध उभा होता. नगराच्या देवतांना तो मानीत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवितो, असे त्याच्यावर आरोप होते. सुमारे ५०० नागरिकांनी मते दिली. त्यांतील अवघी ३० मते दुसऱ्या बाजूस पडती, तर तो सुटला असता. तसे घडले नाही. विषाचा पेला पिऊन सॉक्रेटिसाने देह ठेवला. पण चोवीस शतके लोटली तरी त्याचे नाव लोकांच्या मुखी आहे.

ही लोकप्रियता मोठी विलक्षण म्हटली पाहिजे. बाप पाथरवट, आई सुईण. रूप बेढब, पाय अनवाणी. त्याने स्वतःचा एकही ग्रंथ मागे ठेवला नाही. प्लेटो आणि झेनोफन या शिष्यांनी त्याचे चित्र रेखाटले. तो हयात असतानाच, इ. स. पूर्वी ४२३ मध्ये, अ‍ॅरिस्टोफेनिसने 'मेघ' या प्रहसनात त्याची यथेच्छ टवाळी केली. ही तिन्ही चित्रे परस्परांशी जुळत नाहीत.

मग लोकांना त्याची ओढ का वाटावी? केवळ मृत्यूमुळे म्हणावे, तर मतासाठी प्राण देणारे पुष्कळ झाले. सॉक्रेटिसाने मत दिले नाही; प्रश्न दिला. सेनापतीला तो विचारी, शौर्य म्हणजे काय? धर्मज्ञाला विचारी, धर्माचरण म्हणजे काय? उत्तर देणारा गोंधळून जाई, आणि स्वतःच्या अज्ञानाची जाणीव हाच ज्ञानाचा आरंभ ठरे. आपण आईचाच व्यवसाय करतो, दुसऱ्याच्या मनातील विचाराला जन्म घेण्यास साहाय्य करतो, असे प्लेटोचा सॉक्रेटिस म्हणतो.

या प्रश्नांच्या मागे आचरणाचे बळ होते. इ. स. पूर्वी ४०६ मध्ये संतप्त लोकसभा काही सेनापतींना नियमबाह्य रीतीने एकत्रच दोषी ठरवू पाहत होती. तेव्हा त्याने त्यास संमती नाकारली. पुढे तीस जुलमी सत्ताधीशांनी लिऑन नावाच्या निरपराध गृहस्थाला पकडून आणण्याची आज्ञा केली, तेव्हा तो मुकाट्याने घरी निघून गेला. लोकसत्ता असो वा जुलूमशाही, त्याचा विवेक कोणाचाही ताबेदार झाला नाही.

म्हणूनच प्रत्येक युगाने त्याला आपला मानले. तत्त्वज्ञान आकाशातून माणसांच्या घरी आणल्याचे श्रेय सिसेरोने त्याला दिले. १५२२ च्या एका संवादात इरॅस्मसचे पात्र या ख्रिस्तपूर्व पुरुषाला संत म्हणून आळविण्याच्या बेतात येते. १९०८ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून त्याच्या बचावाच्या भाषणाचा गुजराती सारांश प्रसिद्ध केला. सत्यासाठी लढणारा वीर म्हणून त्याची ओळख करून दिली. १९१० मध्ये मुंबई सरकारने ती पुस्तिका जप्त केली! १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनीही बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्याचे स्मरण केले.

तेवीस शतकांपूर्वीच्या भाषणाची परकीय सरकारला धास्ती वाटावी, याहून मोठी मानवंदना कोणती? मात्र अथेन्समध्ये त्याला शिक्षा देणारे परके नव्हते. ते त्याचेच नगरबंधू होते, आणि त्यांनी ती मतदानाने दिली होती. मृत सॉक्रेटिसावर प्रेम करणे सोपे आहे. भर बाजारात आपल्याला अडवून प्रश्न विचारणारा जिवंत सॉक्रेटिस सहन करणे, हीच कोणत्याही समाजाची खरी कसोटी होय.