कुरिंजीचे फूल आणि वल्लीची कथा

महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानला जातो. परंपरेने स्त्रिया त्याचे दर्शनही घेत नाहीत. तमिळ देशात मात्र तोच देव मुरुगन होतो आणि डोंगरावर राळ्याचे शेत राखणाऱ्या वल्लीसाठी कधी व्याध, तर कधी वृद्ध असे वेष पालटतो. कुरिंजीच्या निळ्या फुलांची माळ घालून त्याने तिला वरले, असे लोककथा सांगते.

कुरिंजी हे बारा वर्षांतून एकदा फुलणारे डोंगरी झुडूप. प्राचीन संघम् काव्याने या एकाच नावात डोंगर, मध्यरात्र, मुरुगन आणि प्रेमिकांचे मीलन ही सारी गुंफली. तेथे भूमीचे नाव घेतले की भाव निराळा सांगावा लागत नसे.

पुढे हे काव्य विस्मृतीत गेले. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी गावोगाव हिंडून ताडपत्रे मिळवली. १९०३ पासून ते चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक होते. १९३७ साली त्यांनी ‘कुरुन्दोगै’ हा प्रेमकवितांचा संग्रह सटीक प्रसिद्ध केला. इकडे वल्लीची कथा शंकरदास स्वामिगळ यांच्या नाटकाने रंगभूमीवर जिवंत ठेवली होती. १९४५ साली ए. व्ही. मेय्यप्पन यांच्या ‘श्रीवल्ली’ने ती पडद्यावर आणली, टी. आर. महालिंगम मुरुगन झाले आणि कुमारी रुक्मिणी वल्ली. पंडितांची वाट आणि प्रेक्षकांची वाट तोवर वेगळी होती. १९९७ च्या ‘इरुवर’ चित्रपटात कवी वैरमुत्तू यांनी ‘कुरुन्दोगै’तील एका कुरिंजी-कवितेचे शब्द गीतात गुंफले, तेव्हा त्या दोन वाटा एकत्र आल्या.

मराठी श्रोत्याला हे परके वाटू नये. बाणाईसाठी धनगरवाड्यावर चाकरी करणारा खंडोबा मुरुगनाचाच सोयरा शोभतो. सह्याद्रीची कारवीही कुरिंजीच्याच कुळातली. ती सात वर्षांनी बहरते. महाराष्ट्राने तिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभारल्या. तिच्या बहराला मात्र कोणत्या भावाचे नाव दिले नाही.

दक्षिणेच्या डोंगरांवर चहाचे मळे आणि निलगिरीची लागवड वाढली, तशी कुरिंजीची भूमी आकसली. २००६ साली केरळाने तिच्यासाठी अभयारण्य घोषित केले. कथा ताडपत्रावरून पडद्यावर जाऊ शकली. फुलाला मात्र आपला डोंगर सोडून जाता येत नाही.