पासष्टाव्या वर्षी काय बदलतं? अमेरिकेतली अपंगत्व-पेन्शन आणि मेडिकेअर



अमेरिकेत अपंगत्वाची पेन्शन घेणारा माणूस पासष्ट वर्षांचा होतो, तेव्हा वरवर पाहता काहीच घडत नाही. दरमहा येणारी रक्कम तीच, मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचं कार्डही तेच. पण कायद्याच्या दप्तरी त्याची ओळख बदलते. कालपर्यंत तो 'अपंग' म्हणून विमाधारक होता, आता 'ज्येष्ठ' म्हणून. या दोन ओळखी वेगळ्या का ठेवल्या गेल्या, ते आज पाहू.

सुरुवात १९३५ पासून करू. महामंदीच्या काळात रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीचा कायदा केला. त्यात कामगाराला पासष्टाव्या वर्षी पेन्शन होती. पण पन्नाशीत अंगावर यंत्र पडून हात गेला, तर? त्याच्यासाठी या विम्यात काही नव्हतं.

यामागे एक भीती होती. वय सिद्ध करायला जन्माचा दाखला पुरतो. 'मला काम होत नाही' हे कशानं सिद्ध करायचं? डॉक्टरनं कागद द्यायचा, अधिकाऱ्यानं तो तपासायचा. लोक खोटे दावे करतील, खर्च हाताबाहेर जाईल, असं विरोधक म्हणत. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची बलाढ्य संघटनाही विरोधात होती. शेवटी १९५६ साली सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ४५ अशा मतांनी हा विमा तगला. बघा, दोन मतांचा फरक! आयझेनहॉवर यांनी सही केली, पण अट राहिली: वय किमान पन्नास हवं. ही अट १९६० मध्ये गेली.

म्हणजे पेन्शन मिळाली. पण आजारी माणसाला पैशाइतकीच दवाखान्याची गरज असते ना? ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रूमन यांना दिलं. हा विमा फक्त पासष्टीपुढच्यांसाठी होता. त्यामुळे विचित्र परिस्थिती झाली. सदुसष्ट वर्षांच्या ठणठणीत आजोबांना विमा होता, आणि पंचेचाळिशीत अंथरुणाला खिळलेला कामगार सरकारच्याच नोंदीत अपंग असूनही या विम्याबाहेर होता.

ही चूक १९७२ मध्ये अर्धी सुधारली. निक्सन यांनी सही केलेल्या दुरुस्तीनं १ जुलै १९७३ पासून अपंगांना मेडिकेअर मिळू लागलं. अर्धी का म्हणतो? कारण अपंगत्वाची पेन्शन लागू झाल्यावर चोवीस महिने थांबायचं होतं. पेन्शनसाठीच आधी पाच महिने थांबावं लागे. म्हणजे एकूण एकोणतीस महिने. हेतू खर्च आटोक्यात ठेवण्याचा होता. पण माणसाला उपचार सर्वांत जास्त लागतात ते याच काळात. हा नियम आजही आहे. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांना २००१ पासून ही दोन वर्षं थांबावं लागत नाही.

आता पुन्हा पासष्टीकडे येऊ. ज्याच्याकडे कार्ड आहे, त्याला या वर्षी नव्यानं अर्ज करावा लागत नाही. पण दोन हक्क नव्यानं मिळतात. डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, ज्याला 'पार्ट बी' म्हणतात, तो आधी नाकारला असेल तर नोंदणीची संधी पुन्हा येते. अपंगत्वाच्या काळात उशिरा नोंदणी केली म्हणून हप्त्यावर दंड बसला असेल, तर तो पुसला जातो. दुसरा हक्क पूरक खासगी विम्याचा, म्हणजे 'मेडिगॅप'चा. 'पार्ट बी' असलेल्याला पासष्टीनंतर सहा महिने कंपनी आजाराचं कारण दाखवून नाकारू शकत नाही. त्याआधी हे संरक्षण केंद्रीय कायद्यात नाही. काही राज्यांत आहे, काहींत नाही. सहा महिने हातचे गेले, की बहुतेक ठिकाणी दार बंद होतं.

आणखी एक गोंधळ १९८३ चा आहे. रेगन यांच्या काळात निवृत्तीचं पूर्ण वय टप्प्याटप्प्यानं वाढवलं. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी ते सदुसष्ट आहे. मेडिकेअरचं वय मात्र पासष्टच राहिलं. म्हणून विम्याची ओळख पासष्टाव्या वर्षी बदलते, पण अपंगत्वाची पेन्शन निवृत्तीच्या पेन्शनमध्ये बदलते सदुसष्टाव्या. रक्कम सहसा तीच राहते, तरी पत्र आलं की लोक घाबरतात.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. मेडिकेअर झालं त्याच १९६५ साली अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला, आणि पुढे आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर, इंजिनियर तिकडे गेले. ती पिढी केव्हाच पासष्टी ओलांडून गेली. आता पुढच्या पिढीची पाळी आहे. त्यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत पक्षाघात झाला, तर घरच्यांना हेच हिशेब करावे लागतात.

या सगळ्या इतिहासात मला एक गोष्ट ठळक दिसते. म्हातारपणावर कायद्यानं विश्वास ठेवला, अपंगत्वाकडून पुरावा मागितला. आजार तोच, शरीर तेच. पासष्टी आली म्हणून माणूस बरा होत नाही. फक्त त्याच्यावरचा संशय थोडा कमी होतो.