मंगळाची वारी

आपल्याकडे मंगळ म्हटला की आधी पत्रिका आठवते. कडक मंगळामुळे अडलेली लग्ने आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्याच मंगळाकडे भारताचे यान श्रीहरिकोट्याहून निघाले ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, आणि योगायोग असा की त्या दिवशी वारही मंगळवारच होता!

ही मोहीम सुमारे ४५० कोटी रुपयांत, म्हणजे स्वस्तात झाली, एवढेच आता लोकांच्या लक्षात राहिले आहे. मला मात्र अडचणीतून काढलेल्या वाटेचे जास्त कौतुक वाटते. जीएसएलव्ही हा मोठा अग्निबाण २०१० मध्ये दोनदा अपयशी ठरला होता. म्हणून काम आले भरवशाच्या पीएसएलव्हीकडे. पण १३३७ किलोचे यान थेट मंगळाकडे भिरकावण्याइतकी त्याची ताकद नव्हती. मग शास्त्रज्ञांनी गोफणीसारखी युक्ती केली. यान पृथ्वीभोवती फिरत ठेवायचे आणि ते जवळ आले की थोडा वेळ इंजिन चालवून कक्षा लांबवत न्यायची. ११ नोव्हेंबरची झेप अपुरी पडली, ती दुसऱ्या दिवशी पुरी करून घेतली. १ डिसेंबरला यानाने पृथ्वीचा निरोप घेतला.

खरी कसोटी पुढेच होती. सुमारे ३०० दिवस निजलेले मुख्य इंजिन २४ सप्टेंबर २०१४ रोजी सुमारे २४ मिनिटे चालवून वेग कमी करायचा होता. तो कमी झाला नसता तर यान मंगळाला ओलांडून निघून गेले असते. संदेश पोचायला १२ मिनिटे लागत, त्यात यान मंगळाच्या आड जाणार. त्यामुळे सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. मुलगा परीक्षेला बसला की शिक्षकाने बाहेर थांबायचे, तसेच हे! जपानचे नोझोमी आणि चीनचे यिंगहुओ-१ यांना मंगळाची कक्षा गाठता आली नव्हती. आपल्या यानाने ती पहिल्याच प्रयत्नात गाठली.

विज्ञान किती मिळाले? उपकरणे पाचच, सगळी मिळून १५ किलोची. मिथेन शोधण्याचा गाजलेला हेतू साधला नाही, हे मान्य करायला हवे. कॅमेऱ्याने मात्र अख्ख्या मंगळाची सुरेख छायाचित्रे पाठवली. सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेल्या यानाने एप्रिल २०२२ पर्यंत संपर्क ठेवला.

पत्रिकेतला मंगळ अजून ठाण मांडून बसला आहेच. त्याला हलवणे हे काही इस्रोचे काम नव्हे, ते तुमचे-माझे. असो.