ऊसतोड कामगारांचे मतदान (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या कामगारांचा मतदानाच्या हक्कासाठीचा झगडा. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर अशा तालुक्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते.

अमेरिकेतील सेल्मा येथे ७ मार्च १९६५ रोजी कृष्णवर्णीयांनी मोर्चा काढला, कारण त्यांना मतदार म्हणून नोंदवूनच घेतले जात नव्हते. बीडच्या ऊसतोड्याची अडचण वेगळी आहे: त्याचे नाव गावच्या यादीत असते, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे तात्पुरत्या गैरहजेरीमुळे ते निघतही नाही. मत मात्र गावच्याच केंद्रावर द्यावे लागते. टपाली मतदानाची सोय सैनिक, निवडणूक कर्मचारी, अतिवृद्ध आणि दिव्यांग यांना आहे, त्याला नाही. मतदानाची पगारी सुटी कायद्यात आहे खरी, पण उचल अंगावर घेऊन परजिल्ह्यातल्या फडात टनावर राबणाऱ्याला ती पुरायची कशी?

मग सारे तारखेवर येते. २०१४ व २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, तेव्हा बऱ्याच टोळ्या अजून गावी होत्या. २०२४ मध्ये गाळप १५ नोव्हेंबरला आणि मतदान २० ला ठरले; कामगारांच्या मतदानाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. त्याच वर्षीची लोकसभा निवडणूक १३ मे रोजी, म्हणजे हंगाम संपल्यावर झाली. बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. एवढी माणसे इथे एखाद्या तालुक्यातूनच ऊसतोडीला जातात.

जिल्हा परिषदेची निवडणूक सर्वांत अडचणीची. २०१७ ची फेब्रुवारीत, ऐन हंगामात आली. अशा वेळी मतदार आणायला उमेदवारांच्या गाड्या फडापर्यंत जातात आणि गाडीत कोण बसणार हे बरेचदा मुकादम ठरवतो.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची ती योजना विरोधी पक्षांच्या आक्षेपांनंतर पुढे सरकली नाही.