आकाशातील धूळ आणि दोन येशूसंघीय

निरभ्र काळोख्या रात्री धनू राशीपासून हंसापर्यंत पसरलेला आकाशगंगेचा पट्टा न्याहाळला, तर त्याच्या मधोमध एक काळी भेग दिसते. तेथे खरोखरच तारे नाहीत, की काही आड आले आहे? या साध्या प्रश्नाचा निकाल लागण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या इतिहासात दोन येशूसंघीय धर्मगुरूंचाही वाटा आहे. तो आम्ही येथे नोंदवू इच्छितो.

१७८५ साली विल्यम हर्शेल यांनी वृश्चिकाच्या परिसरात ताऱ्यांवाचूनची जागा पाहिली आणि ती आकाशातील पोकळी मानली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रोममधील फादर आंजेलो सेक्की (१८१८–१८७८) यांनी निराळा विचार मांडला. संत इग्नेशियसच्या चर्चच्या छपरावरील वेधशाळेतून ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण करणाऱ्या या धर्मगुरूंनी ओळखले, की यांपैकी काही काळ्या जागा पोकळ्या नसून मागील तारे झाकणारे मेघ आहेत. अमेरिकेतील बर्नार्ड यांनी आकाशगंगेची छायाचित्रे घेत १९१९ साली अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. आरंभी तेही पोकळीच मानणारे होते. पुढे छायाचित्रांच्या साक्षीपुढे त्यांनी आपले मत बदलले.

तथापि मेघांच्या बाहेरील अवकाश स्वच्छच आहे, असा समज कायम राहिला. त्याची किंमत मोठी होती. १९२२ साली काप्टाइन यांनी ताऱ्यांच्या गणनेवरून विश्वाचे जे चित्र रेखाटले, त्यात आपला सूर्य जवळजवळ मध्यावर आला. कोपर्निकसने पृथ्वीला मध्यावरून हलविले. धुळीने मानवाला पुन्हा तेथेच नेऊन बसविले! धुक्यात उभ्या माणसाला चहूंकडे सारखेच अंतर दिसते आणि आपणच मैदानाच्या मध्यभागी आहोत असे वाटते, तसाच हा प्रकार होता.

१९३० साली ट्रम्प्लर यांनी १०० तारकागुच्छांचा अभ्यास केला. दूरचे गुच्छ आकाराने अधिकाधिक मोठे ठरू लागले, हे विचित्रच होते. मंद कंदील आपण दूर समजतो, पण तो धुक्यामुळेही मंद दिसू शकतो. ताऱ्यांचेही तसेच होते. त्यांचा प्रकाश वाटेत अडत होता, म्हणून त्यांची अंतरे फाजील मोजली जात होती. सर्वत्र पसरलेल्या धुळीचा पुरावा अखेर मिळाला.

त्याच वर्षी फादर योहान हागेन निवर्तले. १९०६ पासून ते व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक होते. दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी वर्षानुवर्षे विस्तीर्ण करडे मेघ नोंदविले. मात्र इतरांच्या छायाचित्रांत ते उमटले नाहीत. अवकाशात प्रकाश अडविणारे द्रव्य आहे ही दिशा खरी, पण त्यांनी पाहिलेले मेघ टिकले नाहीत. सेक्की यांचे बरोबर ठरले म्हणून अभिमान बाळगावा आणि हागेन यांचे नाव गाळावे, हे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. दोघांच्याही अंगी झगा होता. निवाडा मात्र पुराव्याने केला.

पुढे धूळ ही केवळ अडचण राहिली नाही. तिचे कण मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढे सूक्ष्म असून तारे जन्माला घालणाऱ्या वायूच्या तुलनेत त्यांचे वजन सुमारे शंभरावा हिस्सा भरते. हर्शेल यांचेच नाव दिलेल्या युरोपीय अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात अवरक्त किरणांत आकाश पाहिले. सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूरच्या देवयानी दीर्घिकेत तिला आढळले, की धूळ सर्वत्र एकसारखी नाही. केंद्रालगत वृद्ध ताऱ्यांच्या दाटीत ती परम शून्याच्या वर ३० अंशांच्या आसपास तापते. तेथून बाहेर ती निवत जाते. केंद्रापासून सुमारे १० हजार प्रकाशवर्षांवर तिच्या किरणोत्सर्जनाची रीतही पालटते. बहुतेक धूळ मात्र सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवरील कड्यात आहे. जसजसे बाहेर जावे, तसतसे वायूच्या मानाने धुळीचे प्रमाण घटते. कार्बन, सिलिकॉन, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडतात आणि त्यांच्या अंतकाळी बाहेर पडतात. जेथे ताऱ्यांच्या अधिक पिढ्या होऊन गेल्या, तेथे धुळीचा वारसाही अधिक.

राखेच्या बुधवारी कपाळी लागणारी राख आपल्याला आपले मूळ स्मरून देते. त्या मुळाचा इतिहास ताऱ्यांपर्यंत पोहोचतो, हे विज्ञानाने दाखविले. आणि जेथे आपल्याला काळोख दिसतो, तेथे काहीच नाही असे घाईने म्हणू नये, हेही त्या धुळीनेच शिकविले.