शिंक्यावरचा इतिहास

दिवाळीच्या पहाटे अंगणात जी पणती लागते, तिच्यातले तेल वाण्याकडचे असते आणि माती कुंभाराची असते. कापसाची वात मात्र बहुधा घरातलीच असते. बाजारात आता तयार वातींच्या पुड्या मिळतात, तरी चातुर्मासात दुपारची निजानीज झाल्यावर मांडीवर कापूस घेऊन वाती वळणाऱ्या आज्या अजून कित्येक घरांत आहेत. कोणी लाखवातीचा संकल्प सोडते आणि खरोखरच एक लाख वाती वळून पुरा करते. एक लाख! एखाद्या सरदाराने लाख होनांची खंडणी वसूल केली, तर तिची नोंद दप्तरात सापडते. या लाखाची नोंद मात्र कोठेच नाही.

शाळेतल्या इतिहासात किल्ले असतात, तह असतात, सनावळी असते. त्यांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. मुलांकडून त्याच सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी वर्षे गेली आहेत. परंतु किल्ला लढविणाऱ्या माणसाने सकाळी काय खाल्ले, कशावर निजला, पाण्याचा पोहरा कोणत्या दोरीने ओढला, हेही विचारायला नको काय? ते विचारू लागलो, की गडावरून उतरून आपण थेट माजघरात येतो. तेथे सूत, परस आणि चूल ही तीन कामे एकमेकांत इतकी गुंतलेली आढळतात, की एक ओढावे तर दुसरे आपोआप हाती यावे.

अंबाडीचेच पाहा. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात ही भाजी कोणाला ठाऊक नाही? कोवळा पाला खुडून शिजवायचा, त्यात ज्वारीच्या कण्या घालायच्या आणि वरून लसणाची खमंग फोडणी. ताटातली अंबाडी येथे संपते. शेतातली संपत नाही. पाला खुडून उरलेले झाड वाढते, फुलावर येते. मग ते कापून ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायचे. काही दिवसांनी साल सुटते, ती धुऊन, झोडपून वाळविली, की वाख तयार होतो. त्या वाखाची बैलांची दावी होत, गाडीचे कासरे होत, विहिरीचे चऱ्हाट होई. त्याच वाखाचे शिंके वळून ते चुलीच्या बाजूला आढ्याला टांगीत आणि त्यात दुधा-लोण्याची मडकी ठेवीत. म्हणजे ज्या झाडाने कालवण दिले, त्यानेच मांजरापासून लोण्याचे रक्षण केले. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे साधले, ही म्हण आपण आजही वापरतो. पण ते शिंके कोणी वळले होते, हे म्हण सांगत नाही.

ही चाल किती जुनी असावी? नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, प्रवरेच्या काठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरीमुळे हे गाव आपल्याला पूज्य. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीत त्यांना एका लहान मुलाचे दफन आढळले. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या पोटात ओवलेल्या दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस आढळला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला त्याच सुमाराच्या एका माळेतला दोरा जवसाच्या तंतूंचा निघाला. जवस! ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. आज त्याचे बी तेवढे आपल्या घरात येते. त्या काळच्या हातांना त्याच्या काडीतले सूतही ठाऊक होते. राजा नाही, शिलालेख नाही, लिपीसुद्धा नाही. आणि तरी कोणीतरी आपल्या लेकरासाठी मणी ओवले होते, एवढे मात्र आपण निश्चयाने सांगू शकतो.

पुढे सूत घराबाहेर निघाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक प्रवाशाने समुद्रव्यापाराची जी माहितीवही लिहून ठेवली, तिच्यात पैठण आणि तगर या दोन नगरांची नावे आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेथून जाडेभरडे कापड आणि नाना तऱ्हेची तलम वस्त्रे गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात नेत, असे तो सांगतो. कापड विणणारे हात कोष्ट्यांचे असतील, परंतु सूत? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे. विधवा, अपंग स्त्रिया, मुली यांच्याकडून सूत कातून घ्यावे आणि सुताचा पोत पाहून वेतन ठरवावे, ही त्याची कामगिरी. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत, त्यांना दासीकरवी काम पोहोचवावे, अशीही तरतूद त्यात आहे. म्हणजे घरात बसून केलेल्या कामाला मोल असते, हे आपल्याकडच्या राज्यशास्त्राला एके काळी पुरते ठाऊक होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चुलीची साक्षही अशीच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने काय जेवावे याचे त्यात रसभरित वर्णन असून आपल्या मांड्यांचे आणि घारग्यांचे पूर्वज त्यात भेटतात. परंतु मला त्यातला दुसराच उल्लेख अधिक मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे हा राजा सांगून जातो. मराठीतल्या सर्वांत लाडक्या छंदाची ही जुनी नोंद. आणि तिची जागा कोणती, तर उखळाजवळची.

आता परसात जाऊ. तोंडली, कारले, पडवळ, वांगे, अळू ही मंडळी येथली जुनी रहिवासी. मिरची मात्र उपरी. दक्षिण अमेरिका आणि मेक्सिकोकडचे हे झाड पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. त्यांनी गोवा घेतला तो १५१० साली. त्यापूर्वी आपल्या जेवणातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा असे. मिरची हे नावच मुळी मिरीवरून पडले. अरणचे सावता महाराज १२९५ साली निवर्तले. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारा त्यांच्या नावचा जो अभंग वारकरी प्रेमाने गातात, त्यात मिरचीही आहे! याचा अर्थ इतकाच, की आज गातो तो पाठ मिरची आल्यानंतरच्या जिभांवर घडला आहे. मळ्यात मिरची लागली आणि गाणाऱ्यांनी तिला विठ्ठलापाशी नेऊन बसविले. याहून मोठा पाहुणचार कोणता?

आणि ती एकटीच आली नाही. आषाढी एकादशीच्या फराळाचे ताट डोळ्यांपुढे आणा. साबूदाणा होतो ब्राझीलकडच्या कसाव्याच्या कंदापासून. बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा आणि हिरवी मिरची ही सगळी अमेरिका खंडाची लेकरे. पेरूही तिकडचाच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, परसात हाताने पिकविलेलेच खायचे, असा नेम आहे. त्या ऋषींच्या भाजीतही लाल भोपळा आणि मक्याचे कणीस मजेत शिजत असतात, आणि दोन्ही सातासमुद्रापलीकडचे. दसऱ्या-दिवाळीच्या तोरणातला झेंडूदेखील मूळचा मेक्सिकोचा.

हे घडले कसे? कोणा बादशहाचे फर्मान निघाले नव्हते, पेशव्यांनी आज्ञापत्र काढले नव्हते. कोणा बाईने शेजारणीकडून मूठभर बी आणले, मोरीचे पाणी जाते तेथे टोचले, आलेले फळ भीतभीत चाखले, फोडणीत घालून पाहिले आणि मुलांच्या ताटात वाढले. उपवासाला चालेल की नाही, हेही पोथीत सापडण्याजोगे नव्हते. कारण ही नावे पोथ्यांत नव्हतीच. तो निर्णय स्वयंपाकघरात झाला. एवढा मोठा फेरबदल रक्ताचा थेंब न सांडता झाला, म्हणूनच बहुधा त्याची सनावळी उरली नाही.

सुताचे भाग्य मात्र फिरले. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. विलायती सुताने आधीच मोडकळीला आणलेली घरची सूतकताई पुढे पार बसली. सार्वजनिक काका जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी लेवून गेले, १९२५ साली चरखा संघ निघाला, येरवडा तुरुंगाचे नाव पेटीचरख्याला मिळाले. हा सारा इतिहास आपण वाचतो. परंतु चळवळीची लाट येवो वा ओसरो, घरातून सूत कधी संपूर्ण गेले नाही. ते वातीत राहिले आणि गोधडीत राहिले. गोधडी म्हणजे तरी काय? वर आजीचे नऊवारी लुगडे, आत वडिलांचे धोतर, त्याखाली आत्याच्या लग्नातल्या पातळाचा तुकडा आणि या साऱ्यांतून जाणारा धावदोरा. पांढरीच्या टेकाडात उत्खनन करणाऱ्यांना थरावर थर लागतात, तसेच हे थर. फरक इतकाच, की या टेकाडावर आपण निजतो.

हे लिहिताना जुने ते सगळे गोड, असे मला म्हणायचे नाही. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या सुनेच्या हातांना घट्टे पडत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेरची माया आहे तसे सासरचे जाचही आहेत. पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा बायकांना दोन घटका झोप अधिक मिळाली; त्या झोपेचा कोणी हेवा करू नये. जाते थांबले म्हणून मी हळहळत नाही. ते ओढणारी बाई कोणाच्या हिशेबात नव्हती, याचेच दुःख आहे.

आणि आता अर्थशास्त्रातल्या त्या सूत्राध्यक्षाची आठवण करू. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रिया काम न करणाऱ्यांच्या वर्गात घातल्या गेल्या. त्याच वर्गात भिक्षेकरी आणि कैदी होते. २०१० साली एका निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. २०१९ साली सरकारनेच लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरचे विनामोल काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषाचे ९७, असे तिच्यातून निघाले. जवळजवळ पाच तास राबणारीला ‘काम न करणारी’ म्हणणे कौटिल्याच्या अधिकाऱ्यालाही पटले नसते.

सुदैवाने लिहून ठेवण्याची रीत आपल्याकडे थोडीफार रुजली आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले, आणि चुलीपुढे बसणारीच्या हाती लेखणी आली. पण प्रत्येक घराची रीत छापील पुस्तकात मावत नाही. म्हणून मुलांना माझे सांगणे आहे. सुट्टीचा गृहपाठ नेहमी कंटाळवाणा असतो. या दिवाळीत एक वेगळा करून पाहा. कोरी वही घ्या आणि फराळाचे ताट पुढे आले, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ जाऊन बसा. या चकलीची भाजणी तुम्हाला कोणी शिकविली? परसातल्या अळूचा पहिला कंद कोणाकडून आला? माझ्या गोधडीत कोणाकोणाची लुगडी आहेत? ती सांगेल तसे, तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तिचे पूर्ण नाव घाला, माहेरच्या नावासकट. मात्र हे सारे तिची कामे आटोपल्यावर विचारा. आणि तिची कामे लवकर आटोपावीत असे वाटत असेल, तर आधी पाट मांडा, पाणी घ्या आणि चार वाती वळून द्या.