प्यादे एक घर चालावे की दोन?

माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा सध्या पुण्यात इंजिनिअरिंग करतो. सुट्टीत मळवलीला आला की भेटून जातो. मागे आला तेव्हा सांगत होता, ‘सर, आमच्या ग्रुपमध्ये फूट पडलीय.’ मला वाटले, निवडणूक असेल, नाहीतर पैशाचे काहीतरी. पण कारण निघाले एक खेळ. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ ते दर रविवारी खेळतात. त्याची नवी नियमपुस्तके २०२४ साली आली. निम्म्या मुलांना ती हवी आहेत, निम्मी २०१४ च्या पुस्तकांवर अडून बसली आहेत. दोन्ही बाजू एकमेकांना म्हणतात, ‘तुम्ही खेळता तो खरा खेळच नव्हे.’

शिक्षक म्हणून ‘अभ्यास करा’ असे म्हणायची संधी होती. पण मी ते म्हटले नाही, कारण हे भांडण मला ओळखीचे वाटले. असेच एक भांडण आपल्या महाराष्ट्रात, आपल्या ओट्यांवर होऊन गेले आहे. ते बुद्धिबळाचे होते. त्याची फारशी नोंदसुद्धा आपण ठेवली नाही.

आधी त्या मुलांच्या खेळाविषयी थोडे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी माणसांनी तो १९७४ साली बाजारात आणला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी लढवय्या, कोणी जादूगार. दरवाजा फुटला की नाही, वार लागला की नाही, हे फासे टाकून ठरते. त्यात वीस बाजूंचा फासाही असतो. नियम जाडजूड पुस्तकांत छापलेले असतात आणि काही वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती निघते.

२००० साली तिसरी आवृत्ती आली. तिच्याबरोबर कंपनीने एक खुला परवानाही दिला, म्हणजे त्या नियमांवर आधारून इतरांनाही पुस्तके काढता येऊ लागली. २००८ साली चौथी आवृत्ती आली आणि जुने खेळाडू बिथरले. हा आमचा खेळच राहिला नाही, असे ते म्हणू लागले. २००९ साली पायझो नावाच्या दुसऱ्या कंपनीने त्याच खुल्या परवान्याच्या आधारे, जुन्या नियमांना धरून ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला आणि नाराज मंडळींना घर मिळाले. पाचव्या आवृत्तीच्या वेळी, म्हणजे २०१४ च्या आधी, मूळ कंपनीने शहाणपणा केला. नियमांचा मसुदा आधी खेळाडूंच्या हाती देऊन त्यांचे म्हणणे ऐकले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये हा खुला परवानाच बदलायचा बेत बाहेर फुटला. एवढा गहजब झाला की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेतली आणि खेळाचे मूळ नियम सर्वांना वापरता येतील असे मोकळे केले.

आता बुद्धिबळाकडे येऊ. हा खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि अरबांकडून स्पेन-इटलीत. अरबांच्या शतरंजमध्ये वजिराला, म्हणजे ‘फर्झ’ला, तिरपे एकच घर चालता येई. ‘फील’ म्हणजे हत्ती तिरपी दोन घरे उडी मारी. बगदादच्या दरबारात अस्‌-सूलीसारखे उस्ताद होऊन गेले ते याच संथ खेळात.

साधारण १४७५ च्या सुमारास स्पेन-इटलीकडे कोणीतरी वजिराला सगळा पट मोकळा करून दिला. तिकडे तोवर त्याची राणी झाली होती. फीललाही लांब तिरपी धाव मिळाली. खेळ झपाट्याने संपू लागला. इटलीत या नव्या प्रकाराला ‘पिसाळलेले बुद्धिबळ’ अशा अर्थाचे नाव पडले! १४९७ साली लुसेना नावाच्या स्पॅनिश लेखकाने सालामांका इथे पुस्तक छापले, त्यात दीडशे कोडी आहेत. काही जुन्या नियमांची, काही नव्या. म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी. वाचकांमध्ये दोन्ही प्रकारचे खेळाडू असल्याशिवाय कोणी असे पुस्तक काढत नाही.

आपल्याकडे काय झाले? वजिराची आणि उंटाची लांब धाव आपणही घेतली, पण बाकीचे नियम आपले ठेवले. एच. जे. आर. मरे या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहिला. त्यात हिंदुस्थानात चालणारे खेळाचे वेगवेगळे प्रकार नोंदवले आहेत, त्यांची नावे हिंदुस्थानी, पारसी आणि रूमी. एका देशात एकाच वेळी इतके प्रकार नांदत होते.

मी अब्बांकडून शिकलो तो देशी खेळ असा होता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाणार. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. माझा राजा समोरच्याच्या वजिरासमोर उभा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की वाटेल ते होत नाही, ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचले तोच मोहरा होते. जिंकण्यातही प्रती होत्या. प्याद्याने केलेली मात सर्वात मानाची. नुसते जिंकलात तर लोक मान हलवत, प्यादेमात केलीत तर चहा मिळे. अब्बांचे मित्र कार्ल्याचे होते, त्यांच्या घरचे नियम थोडे वेगळे. त्यामुळे डाव मांडण्याआधी पाच मिनिटे ‘तुमच्यात कसं, आमच्यात कसं’ हा तह होत असे. तो तहसुद्धा खेळाचाच भाग होता.

हे देशी नियम आणि युरोपी नियम समोरासमोर आले ते इंग्रजांच्या काळात. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला, आणि त्याच्या नावातच म्हटले होते की हे युरोपी पद्धतीला जुळवून घेतलेले आहे. पेशवाई बुडायला अजून चार वर्षे होती, पण पटावर तडजोड सुरू झाली होती.

बंगालात महेशचंद्र बॅनर्जी हे कलकत्त्याजवळच्या खेड्यातले खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाशी १८५० च्या आसपास शेकडो डाव खेळले. बॅनर्जींचा हात देशी नियमांवर बसलेला. प्यादी एकेक घर सरकवायची आणि उंट कोपऱ्याजवळ बसवून लांबून मारा करायचा, ही त्यांची रीत. युरोपातल्या लोकांना ती विचित्र वाटली. पण आज जगभर ‘इंडियन डिफेन्स’ म्हणून जे बचाव खेळले जातात, त्या नावामागे हेच डाव आहेत. जुन्या आवृत्तीची सवय नव्या आवृत्तीत शिरली आणि तिथली विद्या झाली.

दुसरे नाव सुलतान खान यांचे. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा हा गरीब माणूस. सर उमर हयात खान या जमीनदारांनी त्यांना पदरी ठेवले. सुलतान खान देशी शतरंजचे उस्ताद होते, युरोपी नियम त्यांनी विशी उलटल्यावर शिकले. १९२८ ला अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश विजेतेपदे मिळवली. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत जगज्जेता राहिलेल्या कापाब्लांकाला हरवले. डावाच्या सुरुवातीत ते कच्चे आणि शेवटी अजोड, असे जाणकार सांगतात. सुरुवात हीच तर दोन आवृत्त्यांतल्या फरकाची जागा! त्याच उमर हयात खानांच्या घरी नोकरीला असलेल्या मिस फातिमा १९३३ साली ब्रिटनच्या महिला विजेत्या झाल्या. हे आपल्या किती मुलींना माहीत आहे? परत आल्यावर १९३५ मध्ये सुलतान खान मराठी खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. १९६६ ला ते पाकिस्तानात वारले. जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो थेट २०२४ साली.

महाराष्ट्रात सांगली हे बुद्धिबळाचे गाव. तिथे १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ झाला. १९५५ साली आंध्रात एलुरू इथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे डी. वेंकय्या यांच्याबरोबर संयुक्त विजेते ठरले. राष्ट्रीय स्पर्धा म्हटली की नियम एकच हवा. तो आंतरराष्ट्रीय ठरला. ओट्यावर मात्र देशी डाव चालूच राहिले. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकातही, मोठी माणसे दोन घर चाललेले प्यादे बोटाने मागे सारत.

त्या काळच्या दोन्ही बाजू ऐकल्या तर दोघांतही तथ्य दिसते. जुने म्हणत, देशी खेळात फौज सावकाश उभी राहते, घाई करणारा फसतो, आणि प्याद्याला इज्जत आहे. नवे म्हणत, गावोगाव वेगळा नियम असेल तर मळवलीचा मुलगा मद्रासच्या मुलाशी खेळणार कसा? पुस्तक वाचणार कोणत्या नियमाचे? नव्यांचे म्हणणे खरे ठरले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकली, ती एका नियमाच्या जोरावर. हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. मीसुद्धा शाळेतल्या मुलांना आंतरराष्ट्रीय नियमच शिकवतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नवा नियम जिंकला तो अधिक चांगला होता म्हणून नव्हे. स्पर्धा, पुस्तके आणि किताब त्याच्या बाजूला होते म्हणून जिंकला. पोच हे त्याचे बळ. ‘जुना नियम मागासलेला होता’ हे आपण नंतर स्वतःची समजूत घालायला म्हणू लागलो.

उलट बाजूलाही सावध राहावे लागते. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’ चित्रपटात, जो प्रेमचंदांच्या कथेवर आहे, एक मुन्शी दोघा नवाबी खेळाडूंना विलायती नियम समजावून सांगतो. पाहणाऱ्याला वाटते, अवध गिळणाऱ्या इंग्रजांनी आपला खेळही गिळला. प्रसंग मोठा बोलका आहे. पण इतिहास इतका सरळ नाही. ते ‘विलायती’ नियम इंग्रजांचे नव्हतेच. ते स्पेन-इटलीत घडले, अरबांनी नेलेल्या आणि मुळात इथल्याच खेळातून. ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ अशी रेघ या पटावर ओढायला गेलात तर ती चौसष्टातल्या कोणत्याच घरावर टिकत नाही.

माझ्या वर्गात हे रोज दिसते. उर्दूच्या तासाला ‘फील’ म्हणजे हत्ती आणि तो तिरपा चालतो. मराठीच्या तासाला हत्ती सरळ चालतो आणि तिरपा चालतो तो उंट. उर्दूतला ‘रुख’ मराठीत हत्ती होतो. मुले गोंधळतात आणि मग खूश होतात, कारण दोन्ही बरोबर असते. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीत इतके मुरले आहेत की कोणाला परके वाटत नाहीत. जगाने वजिराची राणी केली, मराठीने आणि उर्दूने त्याला वजीरच ठेवले. नियम बदलला, शब्द राहिला.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांपेक्षा आपले नुकसान जास्त झाले ते वेगळ्याच कारणाने. त्यांची जुनी आवृत्ती छापील आहे. २०१४ चे पुस्तक कपाटात आहे, कोणी काढून नेणार नाही, चार मित्र जमले की खेळ पुन्हा सुरू. लुसेनाने दोन्ही नियमांची कोडी छापली म्हणून पाचशे वर्षांनीही तो जुना डाव मांडता येतो. आपला देशी डाव जिभेवर होता. त्रिवेंगडाचार्यांसारखा एखादा सोडला तर तो कोणी फारसा कागदावर उतरवला नाही, आणि गावागावांतले बारीक फरक तर नाहीच नाही. ज्यांना ते पाठ होते ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात कोणी आजोबा, नाना, चाचा जुन्या पद्धतीने खेळणारे असतील तर त्यांच्यासमोर पट मांडा आणि चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या. प्यादे किती घरे चालायचे? राजाची उडी केव्हा चालायची? शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचे काय व्हायचे? मातीचे प्रकार किती आणि त्यांची नावे काय? गावाचे नाव आणि तारीख वर लिहा. मग त्यांच्याशी त्यांच्या नियमाने एक डाव खेळा. बहुधा तुम्ही हराल.